फोन आवडतो, पण वैताग देतो: बदलायचा की दुरुस्त करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोन साडेतीन वर्षांचा, मध्यम किमतीचा अँड्रॉइड. आवडतं ते हे: एका हातात मावतो, दिवसाउजेडी फोटो छान येतात, हेडफोनचा जॅक आहे, मेमरी कार्ड बसतं. नावडतं ते हे: बॅटरी दुपारीच मान टाकते, वायर वाकडी धरल्याशिवाय चार्ज होत नाही, फोन अडकत चालतो, जागा भरल्याची सूचना रोज येते, मधेच स्क्रीनभर जाहिरात उघडते आणि बोलताना गाल लागून कॉल म्यूट होतो. नवा घ्यावा का, एवढंच विचारलं आहे.

या दोन याद्या शेजारी ठेवून पाहा. आवडत्या गोष्टी सगळ्या फोनच्या मूळ रचनेतल्या आहेत: आकार, कॅमेऱ्याचा सेन्सर, जॅक, कार्डाची खाच. त्या सहसा झिजत नाहीत, आणि पैसे टाकून नंतर वाढवताही येत नाहीत. नावडत्या जवळजवळ सगळ्या झिजणाऱ्या, भरणाऱ्या किंवा मळणाऱ्या भागांच्या आहेत. आज पंधरा-वीस हजारांत नवा फोन घ्यायला गेलात तर बहुतेक ६.६ इंचांपुढचा, दोनशे ग्रॅमच्या आसपासचा फोन पुढ्यात येईल, त्याला जॅक आणि कार्डाची सोय असेलच असं नाही. म्हणजे आवडतं ते हातचं जाईल आणि नावडतं ते दोन-तीन वर्षांनी परत येईल. म्हणून आधी प्रत्येक तक्रार नेमक्या कुठल्या भागाची ते ओळखायचं, खर्चाचा हिशेब त्यानंतर.

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण निम्मा वैताग तिचाच असतो. लिथियम बॅटरीचं आयुष्य चार्जिंगच्या फेऱ्यांत मोजतात. एक फेरी म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज साठ आणि उद्या चाळीस टक्के वापरलं तरी मिळून फेरी एकच. ॲपल आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांसाठी ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगते, आयफोन १५ पासून हा आकडा १००० आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनांना ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमतेची अट आहे. रोज एक फेरी धरली तर साडेतीन वर्षांत पावणेतेराशे फेऱ्या होतात. तेव्हा तुमची बॅटरी म्हातारी झाली यात फोनचा दोष काही नाही.

तरीही बॅटरी बदलायला जाण्याआधी एक रात्र तपासणीला द्या, कारण चार्ज लवकर संपणं आणि बॅटरी खराब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री झोपताना फोन पूर्ण चार्ज करून वायर काढा, वायफाय किंवा डेटा नेहमीसारखा चालू ठेवा, सकाळी आकडा पाहा. सात-आठ तासांत तीन ते सहा टक्के उतरले तर ठीक. पंधरा-वीस टक्के उतरले तर आतमध्ये कुठलं तरी ॲप जागं राहतंय. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर त्याचं नाव सापडेल. रात्री नीट आणि दिवसा घसरगुंडी असेल, २५–३० टक्क्यांवर कॅमेरा किंवा फ्लॅश लावताच फोन बंद पडत असेल, आणि चार्जरला जोडल्याबरोबर पुन्हा २० टक्के दाखवत असेल, तर मात्र बॅटरीच गेली. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. मागचं पॅनल एका कडेने उचललेलं दिसलं किंवा स्क्रीनच्या मधोमध पांढुरका डाग आला तर बॅटरी फुगली आहे. तो फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबून पॅनल बसवायचं नाही, सरळ दुकानात न्यायचा.

आणखी एक जागा तपासा: नेटवर्क. घर जुन्या दगडी वाड्यात असेल किंवा गाव घाटाच्या पोटात असेल, तर फोन टॉवर धरून ठेवायला जास्त ताकद लावतो आणि ५जी–४जी अशा उड्या मारत राहतो. अशा ठिकाणी सिमच्या सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क ४जी करून दोन दिवस पाहा. बॅटरी बदलण्याचा खर्च वाचल्याची उदाहरणं कमी नाहीत.

बॅटरी बदलायचीच असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातलं दरपत्रक आधी बघा. मध्यम किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांना मजुरीसकट साधारण हजार ते दोन हजार रुपये लागतात, आणि बाहेरच्या दुकानापेक्षा हा फरक पुष्कळदा चार-पाचशेचाच असतो. तेवढ्यासाठी बाहेर जाण्यात मला अर्थ दिसत नाही, सेवा केंद्र पन्नास किलोमीटरवर असेल तर गोष्ट वेगळी. बाहेर करायचं ठरलं तर मूळ बॅटरीवरचा मॉडेल क्रमांक आणि नवीचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला हवा. मूळ ५००० एमएएचची असताना त्याच मापाच्या बॅटरीवर ६५०० किंवा ७००० लिहिलं असेल तर तो आकडा फक्त छपाईचा समजा. हल्ली नव्या फोनांत सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या मोठ्या बॅटऱ्या येतात खऱ्या, पण त्यांचं पूर्ण चार्जचं व्होल्टेज वेगळं ठरवलेलं असू शकतं, म्हणून त्या जुन्या फोनात खपवायच्या नसतात.

काम बरोबर होतंय का हे काउंटरवरून दिसतं. मागचं पॅनल हीट गनने किंवा गरम पाटावर ७०–८० अंशांपर्यंत तापवून प्लॅस्टिकच्या पातळ कार्डाने सोडवतात. आत गेल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढायचा, बाकी सगळं नंतर. खाली चिकटलेली बॅटरी पटाशीसारख्या धातूच्या पात्याने उचकटणारा कारागीर दिसला तर हात धरून थांबवा. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून मिनिटभर थांबलं की गोंद आपोआप सुटतो. वाकलेली किंवा टोचलेली लिथियम बॅटरी जागेवर पेट घेऊ शकते. आणखी एक: फोन पाणीरोधक म्हणून घेतला असेल तर एकदा उघडल्यावर तो पाणीरोधक राहिला असं धरू नका, नवं सील बसवलं तरी. बॅटरी बदलल्यावर पहिले एक-दोन दिवस टक्केवारी उड्या मारते, दोनदा पूर्ण वापरून पूर्ण चार्ज केलं की मापन ताळ्यावर येतं.

नव्या बॅटरीला मारतं कोण, तर उष्णता. रात्रभर चार्जिंगला ठेवण्याचा बाऊ केला जातो, पण उशीखाली किंवा गादीवर चार्ज करणं त्याहून वाईट. ॲपल फोन वापरायला ३५ अंशांपर्यंतचं तापमान योग्य मानते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला बाहेर ४५ अंश असताना, मोटरसायकलच्या हँडलवर उन्हात, नकाशा चालू आणि वरून चार्जिंग, असा फोन किती तापत असेल याचा विचार करा. फोन मग उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो. ते बिघाड नसतात, बचाव असतो. डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांनी पूर्ण चार्ज फोन सावलीत घालून निघावं आणि चार्जिंग सावलीत थांबून करावं. हँडलचा धक्का कॅमेऱ्यालाही बाधतो. जास्त ताकदीच्या मोटरसायकलींच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता, आणि तशी यंत्रणा असलेल्या कुठल्याही फोनला तो लागू पडतो. कंपन शोषणारा होल्डर घ्या. ज्या फोनांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे, तिथे घरी बसून काम करणाऱ्यांनी ती लावावी. दिवसभर फिरणाऱ्यांनी लावू नये, नाहीतर बॅटरी वाचवण्याच्या नादात दुपारी फोनच बंद.

आता वायर वाकडी धरण्याची तक्रार. टाईप-सीचा प्लग आत पूर्ण जातो का ते आधी पाहा. प्लगची धातूची कड आणि फोन यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट राहत असेल, तर तळाशी खिशातला कापूस-धूळ दाबून बसली आहे. रोज प्लग घातला की हा गाळ आणखी ठासला जातो, शेवटी त्याची घट्ट गादी बनते आणि पिना टेकत नाहीत. फोन बंद करा, टॉर्च धरा, लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडने तासून चपटं करा आणि मधल्या जिभेच्या वरच्या व खालच्या फटीतून गाळ बाहेर ओढा. टोक जिभेवर दाबायचं नाही, तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून २४ पिना असतात. टाचणी, सेफ्टी पिन, शिवणाची सुई अजिबात नको. पिना एकमेकींना टेकल्या तर चार्जिंग सांभाळणारी चिप (आयसी) जाते आणि दोनशेचं काम दोन हजारांवर पोचतं. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पिनांवर हिरवट थर दिसेल. तो ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या मऊ ब्रशने काढायचा, तासभर वाळू द्यायचं, मगच चार्जर. ओलसर फोन चार्जिंगला लावला की गंज सगळ्यात वेगाने चढतो, कारण पाणी आणि वीज दोन्ही एकाच जागी मिळतात. भिजलेला फोन तांदळात पुरण्याने मात्र फक्त तांदळाचं पीठ पोर्टमध्ये जातं.

साफ करूनही प्लग डुलत असेल तर पोर्ट झिजलं. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पोर्ट खालच्या छोट्या वेगळ्या बोर्डावर असतं, दुकानात त्याला सब-बोर्ड किंवा चार्जिंग बोर्ड म्हणतात. तो अख्खा बदलणं हेच सरळ काम. सुटा भाग साधारण तीनशे ते सहाशेला मिळतो. पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे भाग ढिगाने असतात, पण स्वस्त बोर्डावर जलद चार्जिंगचा भाग गाळलेला असू शकतो आणि फोन नंतर रखडत चार्ज होतो. बोर्ड बसवून झाल्यावर तिथेच आपला जलद चार्जर लावून ‘फास्ट चार्जिंग’ अक्षरं उमटतात का पाहा. याच बोर्डावर बोलण्याचा माइक असतो आणि अँटेनाची बारीक वायरही तिथूनच जाते, म्हणून एक कॉल लावून समोरच्याला आवाज विचारा आणि नेटवर्कच्या दांड्या आधीइतक्याच आहेत ना ते बघा. काही फोनांत पोर्ट मुख्य बोर्डावरच डाग दिलेलं असतं. तिथे गरम हवेने डाग सोडवायचं (हॉट एअरचं) काम येतं, कारागीर चांगला हवा.

पोर्ट ठीक असूनही चार्जिंग हळू असेल तर जोडी जुळत नाही. एका कंपनीचा ६७ किंवा ८० वॅटचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला पुष्कळदा दहा-पंधरा वॅटच देतो, कारण त्यांची आपसातली बोली वेगळी. सॅमसंगच्या २५ वॅटला पीडी-पीपीएस ही जलद चार्जिंगची पद्धत चालणारा चार्जर लागतो, ओप्पो-रियलमी-वनप्लसच्या ‘सुपरवूक’ जलद चार्जिंगला त्यांची स्वतःची जाड केबल. चार्जिंग चालू असताना टच आपोआप इकडेतिकडे पडत असेल, वायर काढली की बंद होत असेल, तर टचपॅड बदलायला धावू नका: तो हलक्या चार्जरचा विजेतला गोंगाट आहे. चार्जर बदला.

फोन अडकत चालतो आणि जागा भरल्याची सूचना येते, या दोन तक्रारी एकच आहेत. साठवणीच्या चिपमध्ये नवं लिहायचं तर आधी जुना भाग पुसून मोकळा करावा लागतो. मोकळी जागा थोडी उरली की प्रत्येक लहान कामाआधी ही झाडलोट चालू होते आणि बोट ठेवल्यावर ॲप उघडायला चार सेकंद लागतात. १२८ जीबीच्या फोनात वीसेक जीबी कायम मोकळे ठेवा. ६४ जीबीचा फोन असेल तर दहा-बारा.

जागा कुठे जाते? मराठी घरांत उत्तर बहुतेक एकच: सुप्रभात, वाढदिवस आणि सोसायटीचे ग्रुप. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. वर ‘अनेकदा फॉरवर्ड झालेलं’ आणि ‘५ एमबीहून मोठं’ असे दोन गठ्ठे दिसतील. पहिला डोळे झाकून उडवला तरी चालतो, दुसरा नजर टाकून. मग त्याच पानावर मागे येऊन ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’मध्ये मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हींतून व्हिडिओची खूण काढा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. फाइल्स ॲपमधून व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात गेलात तर ‘सेंट’ नावाचे उपफोल्डर दिसतील: तुम्ही पाठवलेल्या गोष्टींच्या प्रती. शेजारी डेटाबेसच्या फोल्डरात रोजच्या बॅकअपच्या, साधारण आठवडाभराच्या, फाइल्स असतात. गप्पा मोठ्या असतील तर प्रत्येक फाइल काहीशे एमबीची. सगळ्यात नवी सोडून बाकीच्या काढता येतात. गॅलरीतून पुसलेलं पुढे ट्रॅशमध्ये पडून असतं, तेही रिकामं करा. एक सावधगिरी: कुठल्याही ॲपच्या पानावर ‘कॅश साफ करा’ निर्धास्त दाबा, ‘डेटा साफ करा’ दाबू नका, त्याने लॉगिन आणि आतला मजकूर दोन्ही जातं.

तुमच्याकडे मेमरी कार्डाची खाच आहे, तिचा उपयोग फोटो, व्हिडिओ, गाणी यांच्यासाठी करा. ॲप्स कार्डावर हलवू नका, कार्ड चिपच्या मानाने फार संथ असतं. जागा मोकळी करूनही फोन तसाच अडकत असेल तर दोन शक्यता. रॅम ४ जीबी असेल तर आजच्या ॲप्सना ती अपुरी पडते, आणि सेटिंग्जमधली ‘वाढीव रॅम’ ही साठवणीच्या चिपमधूनच उसनी घेतलेली असल्याने तिने फरक नावाला पडतो. उलट बंद करून पाहा, काही फोन त्याने सुधारतात. दुसरी शक्यता वाईट: चिपच झिजली. फोन आपोआप रीस्टार्ट होतो, लोगोवर अडतो, ॲप इन्स्टॉल होताना तासन् तास थांबतं. असं दिसलं की त्याच दिवशी फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्या. व्हॉट्सॲपचा गुगलवरचा बॅकअप आता १५ जीबीच्या मोफत जागेतच मोजला जातो, तिथे जागा आहे का तेही बघून ठेवा.

जाहिराती दोन जातीच्या असतात आणि उपाय वेगळे. स्क्रीनभर अचानक येणारी जाहिरात तुम्हीच कधीतरी टाकलेल्या ॲपची असते: टॉर्च, क्यूआर स्कॅनर, रिंगटोन, फोन ‘साफ’ करणारं ॲप. जाहिरात आल्याबरोबर ती बंद करू नका, अलीकडच्या ॲप्सचं बटण दाबा. जाहिरातीच्या चौकटीवर ज्याचं चिन्ह दिसेल तो गुन्हेगार. चिन्ह कोरं असेल तर सेटिंग्जमध्ये ‘इतर ॲप्सवर दिसण्याची परवानगी’ कोणाकोणाला आहे ती यादी काढा, अनोळखी नाव तिथे सापडतं. काढताना फोन नकार देत असेल तर त्या ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा हक्क घेतला आहे, तो आधी काढून घ्या. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशा सूचना मात्र ॲपच्या नसून क्रोममधून येतात: कुठल्या तरी साइटला कधी ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून त्या साइट्स बंद करा.

दुसरी जात कंपनीनेच फोनात भरलेली. लॉक स्क्रीनवरची चित्रं-बातम्या ‘ग्लान्स’ची असतील तर लॉक स्क्रीनच्या सेटिंगमधून ती बंद होतात. शाओमीच्या फोनांत पासवर्ड आणि सुरक्षेच्या पानावर ‘ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन’मध्ये ‘एमएसए’ नावाचं कलम असतं. इंटरनेट चालू ठेवून ते बंद करायचं, दहा सेकंद थांबावं लागतं, आणि पहिल्यांदा जमलं नाही तर पुन्हा दाबायचं. बाकी कंपन्यांत ‘रेकमेंडेशन्स’ हा शब्द सेटिंग्जच्या शोधचौकटीत टाका, जेवढे खटके सापडतील तेवढे बंद करा. पैसे मोजून घेतलेल्या फोनात हे करत बसावं लागतं, हा राग रास्त आहे. याच रांगेत आणखी एक तक्रार येते: ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलच्या फोन ॲपचा चेहरामोहरा रातोरात बदलला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना कॉल उचलता येईना. त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये येणाऱ्या कॉलसाठी सरकवायचं की नुसतं टेकवायचं हे निवडता येतं. तेवढ्याने भागलं नाही तर प्ले स्टोअरमधून त्याचे अपडेट्स अनइन्स्टॉल करून ऑटो-अपडेट बंद ठेवा.

गाल लागून कॉल म्यूट होणं हे प्रॉक्सिमिटी सेन्सरचं काम. कान जवळ आला की स्क्रीन काळी व्हायला हवी, ती होत नाही. कॉल लावून कानाच्या स्पीकरशेजारची जागा बोटाने झाका. स्क्रीन बंद-चालू नीट होत असेल तर सेन्सर ठीक. होत नसेल तर पहिला संशय टेम्पर्ड ग्लासवर: कडेला भरपूर गोंद असलेल्या, काळ्या पट्टीच्या ग्लासने सेन्सरची खिडकी झाकली जाते. ग्लास काढून पुन्हा तपासा. सॅमसंगमध्ये डायलरवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की तपासणीचं पान उघडतं, तिथे ‘सेन्सर’मध्ये आकडे हलताना दिसतात. पण गेल्या काही वर्षांतल्या कित्येक स्वस्त-मध्यम फोनांत खरा सेन्सर नसतोच; स्पीकरमधून ऐकू न येणारा आवाज सोडून किंवा इतर सेन्सरांवरून फोन अंदाज बांधतो. तो चुकतो, आणि दुकानात त्याचा इलाज नाही. तोडगा हा: ‘पॉवर बटणाने कॉल संपवा’ हे सेटिंग बंद ठेवा, आणि कॉल लागल्यावर एकदा पॉवर बटण दाबा, स्क्रीन बंद होते, कॉल चालू राहतो.

कानातला आवाज बारीक झाला असेल तर वरच्या जाळीत मेणचट धूळ आहे. फोन उलटा धरून कोरड्या मऊ टूथब्रशने झाडा. सुई घालू नका, आणि सिमची पिन तर खालच्या बारीक भोकात चुकूनही नको: ते पुष्कळदा माइकचं भोक असतं आणि आतला पडदा एका टोचणीत फाटतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नवा घ्यावा अशी वेळ खरोखर आणणारा भाग म्हणजे स्क्रीन. ॲमोलेड स्क्रीनवर उभी हिरवी किंवा गुलाबी रेषा आली तर ती सेटिंगने जात नाही. पॅनल आणि त्याला जोडणारी वायरची पट्टी यांचा जोड बहुतेक वेळा उखडलेला असतो. वनप्लस आणि सॅमसंगने भारतात ठरावीक मॉडेलांना अशा रेषेसाठी स्क्रीन मोफत बदलून द्यायच्या योजना आणल्या होत्या, म्हणून वॉरंटी संपली तरी आधी सेवा केंद्रात विचारा. बाहेर ‘कॉम्बो’ म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र मिळतो. एलसीडीचा परवडतो. ॲमोलेडच्या जागी टीएफटीचा (एलसीडीच्याच जातीचा) स्वस्त कॉम्बो टाकला तर स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट चालत नाही, काळा रंग राखाडी दिसतो, बॅटरीही जास्त जाते. माझा ठोकताळा असा: सर्व दुरुस्ती मिळून फोनच्या आजच्या जुन्या बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत असेल तर करावी, मूळ स्क्रीनच त्याच्या पुढे जात असेल तर थांबावं. सुरक्षेचे अपडेट्स थांबून दोन वर्षं उलटली असतील आणि त्याच फोनवर बँकेचे व्यवहार चालत असतील, तरीही बदलावा, भाग कितीही चांगले असोत.

बदलायची वेळ आलीच तर दुकानात मेगापिक्सेल आणि इंच विचारू नका. रुंदी मिलिमीटरमध्ये पाहा: ७२–७३च्या आत असेल तर एका हाताच्या अंगठ्याला बरं, ७६च्या पुढे दोन हात लागतात. खरा प्रॉक्सिमिटी सेन्सर आहे का, साठवणीची चिप ईएमएमसी (संथ) आहे की यूएफएस (वेगवान), अपडेट्स किती वर्षं लेखी दिले आहेत, हे तीन प्रश्न. सॅमसंगने एस२४ मालिकेला आणि गुगलने पिक्सेल ८ला सात वर्षांचं वचन दिलं आहे. बऱ्याच स्वस्त फोनांत ते कमी असतं. गवंडीकाम, शेती, धुणीभांडी यांनी बोटांची कातडी झिजलेल्यांनी स्क्रीनखालच्या ऑप्टिकल फिंगरप्रिंटपेक्षा कडेच्या बटणातला घ्यावा, आणि एकच अंगठा दोनदा नोंदवावा, एकदा कोरडा आणि एकदा हात धुऊन पुसल्यावर.

सध्या तुमच्या फोनला लागणारं काम मात्र एवढंच: पोर्टची सफाई आणि जागा मोकळी करणं घरी, बॅटरी आणि गरज पडली तर सब-बोर्ड दुकानात, दोन्ही एकाच वेळी, म्हणजे पॅनल एकदाच उघडेल. फोन देण्याआधी बॅकअप घ्या, सिम आणि कार्ड काढून घ्या, स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. पिन सांगायची गरज नाही. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड याचसाठी दिलेला आहे, तुमचे फोटो-चॅट झाकून कारागिराला फोन तपासता येतो. ज्यात तो नाही तिथे समोर बसून काम करून घ्या. परत घेताना काउंटरवरच जलद चार्जिंग, दोन्ही बाजूंचा आवाज, फिंगरप्रिंट, दोन्ही कॅमेरे आणि सिमचं नेटवर्क पाहा, पॅनलची कड नखाने चाचपा, जुनी बॅटरी मागून घेऊन बघा आणि बिलावर भागाचं नाव व वॉरंटीचे महिने लिहून घ्या. पैसे त्यानंतर.